पाठीवर सरांचा फोटो

इंदूचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि तापायला कारणही तसंच होतं. खुंटीवर लेकीचं गाडीवर घालायचं जॅकेट लटकत होतं आणि जॅकेटच्या पाठीवरून रामकिशन सर तिच्याकडं बघून हसत होते. भार्गवी हदगावच्या रस्त्यावर खडीवरून घसरली, कोपरावर फरफटत गेली, आतलं पांढरं हाड दिसलं. पण सरांच्या फोटोला साधा ओरखडा नाही! काय ती मजबूत छपाई म्हणावी.

आता हे सर कोण, तर क्लासचे मालक. नांदेडात त्यांचे बारावीचे आणि नीटचे क्लास. चौकाचौकात बोर्ड आणि प्रत्येक बोर्डावर हेच हसणं. लातुरात काही वर्षं शिकवून आले आणि 'लातूर पॅटर्न, आता तुमच्या तालुक्यात' असा डंका पिटत हदगावला शाखा काढली. आता हिमायतनगरला काढत होते. शाखेवर शिकवायला जायची भार्गवी. एम.एस्सी. करता करता फिजिक्स शिकवायची, आपली मोटरसायकल घेऊन उन्हातान्हात जायची. सर स्वतः कारनं हिंडायचे. मास्तर लोक गाडीवर फिरतातच, तर तेवढीच चालती-बोलती जाहिरात, म्हणून त्यांनी सगळ्यांना जॅकेटं वाटली. सगळी एकाच मापाची. ताडमाड बसवंत सरांना तेच आणि चणीनं लहान भार्गवीलाही तेच.

जॅकेट घरी आलं त्या दिवशी भार्गवी आरशापुढं उभी राहून पोट धरून हसली होती. बाह्या बोटांच्या पुढं आणि खांद्याची शिवण दंडावर.

"आई, यात आपण दोघी मावू गं!"

तेव्हा इंदू काय म्हणाली होती? "चालवून घे. दिलंय ना त्यांनी."

हे वाक्य तिचं नव्हतंच मुळी. ते होतं तिच्या मावशीचं. इंदूचं माहेर किल्लारीच्या बाजूचं, आणि भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची. गणपती बोळवून गाव झोपलं, त्यातली निम्मी माणसं उठलीच नाहीत. तिची थोरली बहीण आणि आजा ढिगाऱ्याखाली गेले. मग पत्र्याची शेड आली आणि कपड्यांचे ट्रक आले. देणाऱ्यांनी मनापासून दिलं असेल, कोण नाही म्हणतंय? पण इंदूच्या वाट्याला आला कुणा बाप्याचा लग्नातला कोट. एका साहेबांनी तो आपल्या हातानं तिच्या अंगावर चढवला, शेजारी उभे राहिले, आणि फोटोवाला म्हणाला, "हस बाळ, हस." बहीण जाऊन आठवडा झाला नव्हता. पोरगी हसली. पुढं जेवणाच्या रांगेत त्या लोंबत्या बाह्यांमुळं तिला ताटली धरता येईना. गरम वरण अंगावर सांडलं, तर वाढणारा तिच्यावरच खेकसला. तेव्हा मावशी म्हणाली होती, "चालवून घे. दिलंय ना त्यांनी."

तिथून पुढं इंदूनं सगळं चालवूनच घेतलं. जावेच्या साड्या, नणंदेचे ब्लाऊज, एक नंबर मोठ्या चपला. तक्रार म्हणून नाही. पण लेकीच्या कोपराला टाके घालताना डॉक्टरनं विचारलं, "जॅकेटला कोपरावर पॅड असतो, तो कुठं होता?" भार्गवीनं चांगल्या हातानं बाही धरून दाखवली. ढगळ बाहीत तो पॅड गर्रकन फिरून आतल्या बाजूला गेला होता. हाडाच्या आड यायचा तो मऊ मांसाला टेकून बसला होता. ते बघितलं आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं इंदूच्या टाळक्यात एकदम उसळलं.

टाके निघाले, जखम भरली, आणि आज ती लेकीला घेऊन दुसरं जॅकेट आणायला निघाली. नवरा, चंद्रप्पा, शाळेत क्लार्क. त्यानं आडकाठी घातलीच.

"सरांनी दिलेलं सोडून दुसरं घेतलं तर त्यांना राग येईल. हिमायतनगरची शाखा हिलाच द्यायची म्हणून राहिलेत ते."

"येऊ द्या राग," इंदू म्हणाली. "राग मलाबी येतो. तुम्हाला कधी दिसला न्हाई, एवढंच."

नांदेडात, वजिराबादेत यासेरचं दुकान. हेल्मेटं, सीट कव्हरं आणि वर टांगलेली जॅकेटं. यासेर माणूस गोड, पण त्याची जीभ ठरलेल्या वाटेनंच चालायची.

"लेडीज माल कमी येतो ताई. हे घ्या. जरा ढगळ हाय, पण आतून स्वेटर बसतंय, आन बरं बी दिसतंय."

"बरं कुणाला दिसतंय?" इंदूनं विचारलं.

यासेरनं ते जॅकेट परत टांगलं आणि दुसरं काढलं. हे आरशापुढं झकास बसलं. भार्गवीनं मागं वळून पाहिलं, पुढून पाहिलं, चेहरा उजळला तिचा.

"आई, हेच घेऊ."

"आरशापुढं उभी राहून हदगावला जाणार हायस का? गाडीवर बस."

"अगं, रस्त्यावर सगळे बघतील."

"बघू देत. पडलीस तेव्हा काय पडदा लावला होता कुणी?"

गाडी दुकानासमोरच उभी होती. भार्गवी बसली, हँडल धरलं, आणि झकास जॅकेटाची झकासी तिथंच संपली. बाह्या सरसरून मनगटाच्या वर गेल्या, पाठ कमरेवरून उचलली. इंदूनं कोपराचा पॅड मुठीत धरून पिळला. तो आला की फिरून!

"हे बघा यासेरभाई. सरांचा फोटो नसला म्हणून काय झालं, गुण तेच."

मग तिसरं आणलं, चौथं आणलं. इंदू प्रत्येकाचा पॅड पिळायची, बाही ओढायची, पाठीखाली हात घालून बघायची आणि मान हलवायची. रस्त्यावर माणसं जमायला लागली. शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्या एकाला राहवलं नाही.

"वहिनी, बाईमाणसाला कशाला एवढं आवळून पाहिजे? सैल घ्या की जरासं."

भार्गवीची मान खाली गेली. इंदू मात्र सावकाश त्याच्याकडं वळली.

"भाऊ, डांबराला बाई-बाप्या कळत न्हाई. सोलायचं तर दोघांनाबी सोलतंय. तुमची पोरगी पडली की तिला सांगा सैल घालायला. प्या चहा, गार होऊन राहिला."

त्यानं चहात तोंड खुपसलं. यासेरला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं आणि तो माळ्यावर चढला. कॉलेजच्या कुणा पोरानं मागवलेलं आणि कधी न नेलेलं एक लहान मापाचं जॅकेट धूळ झटकून खाली आणलं. गडद निळं, दंडावर नारंगी पट्टा. भार्गवी गाडीवर बसली, हँडल धरलं. मनगट झाकलेलं, कंबर झाकलेली. इंदूनं पॅड पिळला. जागचा हलला नाही. पुन्हा दोन्ही हातांनी पिळला. नाही म्हणजे नाहीच.

"आता श्वास घे. मोठा. मान फिरव. मागं बघ. काचतंय का कुठं?"

"बसल्यावर नाही. उभं राहिलं की जरा घट्ट वाटतं."

"उभं राहायला न्हाई घेत आपण," इंदू म्हणाली. "बांधा हे, यासेरभाई."

"मागं काही छापून देऊ का ताई? क्लासचं नाव, फोटो?"

"पाठ कोरी राहू द्या तिची!" इंदू एवढ्या जोरात बोलली की यासेरच्या हातातली पिशवी खाली पडली.

रविवारी हिमायतनगरच्या शाखेचं उद्घाटन होतं. नांदेडहून भोकरमार्गे मायलेकी गाडीवरच आल्या. भार्गवीच्या अंगावर निळं जॅकेट, आणि इंदूच्या मांडीवर पिशवीत सरांचं. कारण सरांचा फोन आला होता, जॅकेट आणल्याशिवाय येऊ नका म्हणून.

नव्या शटरापुढं छोटा मंडप, खुर्च्यांवर आईबाप, पेढ्यांचे खोके. बाकीचे मास्तर जॅकेटं घालून ओळीनं उभे होते, तेही पाठमोरे. फोटोत सगळ्यांच्या पाठीवर सरांचे हसरे चेहरे एका रांगेत आले पाहिजेत, अशी सरांची कल्पना. आणि खरे सर, आडव्या अंगाचे, पांढराशुभ्र शर्ट घालून त्या रांगेपुढं उभे.

"भार्गवी मॅडम, हे काय घालून आलात?"

"सर, क्लासचं मला होत नाही. खूप मोठं आहे. त्याच्यामुळंच हाताला लागलं."

"अहो, फोटोपुरतं घाला. पाच मिनिटांचा प्रश्न." सर खुर्च्यांकडं बघून हसले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "ही शाखा कुणाला द्यायची ते आजच ठरायचंय. उगं हट्ट कशाला? चालवून घ्या."

भार्गवीचा हात चेनकडं गेला. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले, डोळे खाली, आणि हात मात्र निमूट चेन उघडायला निघालेला. इंदूला तो हात ओळखीचा वाटला. कोटाच्या लांबड्या बाहीतला, ताटली न धरता आलेला हात.

"थांब गं," ती म्हणाली. पिशवीतून जॅकेट काढून ती सरळ सरांपुढं जाऊन उभी राहिली. "सर, आधी तुम्ही घाला."

"मी? मी कशाला?"

"क्लास तुमचा, फोटो तुमचा, जॅकेट तुमचं. आन तुमच्याच अंगावर न्हाई? बरं दिसतंय का ते?"

"हाव की, घाला की सर!" खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे हे.

सरांपुढं इलाज उरला नाही. हसत हसत एक हात घातला, दुसरा घातला. खांद्यात अडकलं, ओढून घेतलं. चेन पोटापर्यंत आली आणि तिथं थांबली. इंदूनं दोन्ही हातांनी ओढून ती वर चढवली. सरांचा चेहरा लाल झाला.

"आता हात पुढं करा. गाडी धरल्यावानी. आमची पोरगी धरती तशी."

सरांनी हात पुढं केले आणि काखेत शिवण टरकन उसवली. खुर्च्यांत हशा पिकला.

"अहो बाई, मला लहान होतंय हे! काढा!"

"चालवून घ्या," इंदू म्हणाली. "फोटोपुरतं तर हाय. माझ्या लेकीनं चालवून घेतलं, तिचं हाड उघडं पडलं. तुमची नुसती शिवण उसवली, सर. माणसाच्या अंगावर घालायची वस्तू देताय, तर एकदा त्या माणसाकडं बघावं वाटलं न्हाई? फोटो कुठं लावायचा ते बरं बघितलं!"

हशा थांबला. सर चेनशी झटापट करत होते, पण चेन अडकली होती. ते भार्गवीकडं वळून दातओठ खात म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. दुसरी मॅडम बघतो मी."

भार्गवीनं आपली चेन गळ्यापर्यंत वर ओढली. "बघा सर. पण आधी तिचं माप घ्या."

रांगेत बसवंत सर हळूच वळले. त्यांच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच संपत होत्या. त्यांनी जॅकेट काढलं, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवून दिलं. दुसऱ्या कुणी काढलं नाही. ज्याला त्याला घरदार असतं.

फोटोवाला बिचारा भाड्यानं आलेला. त्याला आपला फोटो काढून मोकळं व्हायचं होतं. त्याच्या कॅमेऱ्यापुढं उसवलेल्या जॅकेटात अडकलेले सर होते आणि त्यांच्या शेजारी इंदू.

"ताई, सरांच्या जरा जवळ या," तो म्हणाला. "आन थोडं हसा."

इंदूनं कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं.

"न्हाई हसत," ती म्हणाली. "काढ फोटो."