गाईडला हात लावायचा नाही

"बास. आता कुणी हात लावायचा न्हाय," असं म्हणत ह्यांनी गाईडचा नट आवळला आणि उजव्या हाताने मशीनच्या टेबलावर थाप मारली.

ह्यांनी म्हणजे शंभू मिस्त्रींनी. माझ्या नवऱ्याने. धायरीत आमची शेड आहे आणि शेडमध्ये लाकूड चिरायचं मशीन. टेबलाच्या मधोमध फिरणारं गोल पातं, त्याच्या उजव्या अंगाला लोखंडी पट्टी. ती पट्टी म्हणजे गाईड. फळी तिला टेकवून पुढे सरकवली की सरळ चिरली जाते. पट्टी पात्याला समांतर हवी, मागच्या टोकाला फार तर केसभर मोकळी. मागचं टोक आत आलं तर फळी मध्येच चिमटते आणि चिरणाऱ्याच्या पोटावर उलटी येते. सत्तावीस वर्षं हे गाईड ह्यांनीच लावलं, तेही टेप न धरता, नुसत्या नजरेने. एकदा त्यांनी लावलं की दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या शेडचा नियम.

गेल्या दिवाळीपासून तो नियम मी रोज मोडते आहे.

आजही मी दारातूनच बघितलं. मागचं टोक एक सूत आत होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकीच्या जगाला एवढ्याने काही होत नाही, आमच्याकडे बरगडी मोडते.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, काठी घेऊन चालतात. पण डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डोळे चांगले आहेत हो, मेंदूनं ती बाजू सोडून दिलीय. आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ते कळणारही नाही." गंमत हा त्यांचा शब्द. ताटातली उजवीकडची भाजी संपली की हे हात धुवायला उठायचे, डावीकडचा भात तसाच. मग जेवता जेवता मी ताट फिरवायला शिकले. ह्यांना सांगून बघितलं तर म्हणाले, "मला सगळं दिसतंय. तू डोकं नको खाऊ."

झटक्यानंतर तीन महिने हे भिंतीकडे बघत बसून होते. बोलत नव्हते, चिडतसुद्धा नव्हते, आणि न चिडणारे शंभू मिस्त्री मला बघवत नव्हते. मग एक दिवस रिक्षातून शेडवर आले, गाईड लावलं, टेबलावर थाप मारली. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणून मला बोलले. मला इतकं बरं वाटलं की मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

सुरुवातीला गाईड ठीक बसायचं, निदान चालून जायचं. मग मागचं टोक हळूहळू आत येत गेलं. दिवाळीच्या तोंडावर मशीनवर कासिमभाई होता. वीस वर्षांपासून आमच्याकडे असलेला माणूस. त्याच्या हातातली फळी उलटी आली ती थेट बरगडीवर. हे ओरडले, "लक्ष कुठं हाय तुझं?" कासिमभाई वाकलेलाच होता. म्हणाला, "चुकला हात, मिस्त्री." दुसऱ्या दिवशी शेडच्या मागे मला गाठून हळूच म्हणाला, "वहिनी, गाईड आत येतंय. मिस्त्रींना सांगू नका."

तेव्हापासूनची आमची रीत ठरलेली. ह्यांनी गाईड लावलं की कासिमभाई त्यांना टपरीवर चहाला घेऊन जातो, तेवढ्यात मी ते नीट करते. पात्याच्या एका दाताला खडू लावायचा, तो दात पुढे आणून गाईडपर्यंतचं माप घ्यायचं, मग तोच दात फिरवून मागे न्यायचा आणि पुन्हा माप घ्यायचं. ह्यांच्याकडे बघून बघूनच शिकले. माप बदललं की हे पुन्हा गाईड लावणार, म्हणून दिवसभराचं काम एकाच मापाचं निघेल अशी मांडणी मी आदल्या दिवशीच करते. त्याशिवाय गिऱ्हाइकं, ह्यांच्या गोळ्या, घरचं जेवणखाण. माणूस थकतं. कुणाला सांगायचं, हा वेगळा प्रश्न.

आज गिऱ्हाईक दहालाच दारात हजर. पूर्णिमा नाव, पस्तिशीची, टेम्पोतून सागवानाची जाड फळी घेऊन आली होती.

"आजोबांच्या दुकानाचा काउंटर आहे," तिने सांगितलं. "नारायण पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान होतं. मागच्या महिन्यात बंद केलं. अर्धी फळी मला, अर्धी भावाला. अगदी अर्धी करा हं. आमचा भाऊ टेप घेऊन बसेल."

"बसू द्या," हे म्हणाले. "त्याचा टेप चुकंल, आमची फळी न्हाय चुकायची."

कासिमभाईने फळीवरून लोहचुंबक फिरवून खिळे तपासले, चार काढले. ह्यांनी गाईड लावलं, थाप मारली. कासिमभाई ठरल्याप्रमाणे पुढे झाला.

"चला मिस्त्री, चहा घेऊन येऊ."

"चहा पळून चाललाय का? ह्या बाई खोळंबल्यात. आधी चिर."

"अहो, माझी काही घाई नाही," पूर्णिमा म्हणाली. तिचे पाय धरावेत असं मला वाटलं. पण ती पुढे म्हणाली, "म्हणजे, साडेअकराला मीटिंग आहे तेवढी."

"ऐकलंस? चिर."

"मी देते ना सगळ्यांना चहा, इथंच," मी मध्ये पडले. "तुम्ही जरा बाहेर खुर्चीवर बसा, उकडतंय आत."

"सत्तावीस वर्षं उकडतंय," हे म्हणाले आणि मशीनशेजारी काठी रोवून उभे राहिले.

कासिमभाईने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. ह्या बाईसमोर, तिच्या आजोबांच्या फळीसमोर, ह्यांना कसं सांगायचं की तुमची नजर गेली? उद्यापासून हे परत भिंतीकडे तोंड करून बसले तर? मला ते तीन महिने पुन्हा नको होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फळीपेक्षा आणि कासिमभाईपेक्षाही त्याचीच भीती वाटत होती.

कासिमभाई कोपऱ्यात गेला. तिथलं गोणपाट उचललं, झटकलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि सुतळीने पोटावर बांधायला लागला.

"हे काय रे?" ह्यांनी विचारलं.

"थंडी वाजतेय, मिस्त्री."

एप्रिल महिना. पत्र्याची शेड. कासिमभाईने सुतळीची गाठ मारली, मशीन चालू केलं आणि फळी उचलून टेबलावर घेतली. त्याच्या घरी बायको कमरजहां आहे, अजून लग्नाची मुलगी आहे आणि हा माणूस मिस्त्रींचा शब्द मोडायचा नाही म्हणून पोटावर गोणपाट बांधून उभा. माझ्या नवऱ्याचा शब्द.

मी मेन स्विच खाली ओढला.

पातं फिरत फिरत थांबलं. फळी दाताला टेकायच्या आधीच.

"लाईट गेली," मी म्हणाले. "गुरुवार आहे ना."

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर मात्र जोरात चालू होता आणि तो आम्हा चौघांनाही ऐकू येत होता. मी ह्यांच्या डाव्या अंगाला होते. ह्यांनी मान उजवीकडे वळवली, मग पाय वळवले, काठी टेकत पूर्ण फिरले तेव्हा कुठे त्यांना मी दिसले. माझा हात अजून स्विचवर होता.

"मेन का पाडलास?"

"गाईड आत आहे," मी म्हणाले. "मागनं. एक सूत."

"कोण म्हणतं?"

ह्यांनी कासिमभाईकडे मान वळवली.

"कासिम, टेप आण."

कासिमभाईने दाताला खडू लावला. पुढचं माप घेतलं. "नऊ इंच सात सूत." दात फिरवून मागे नेला, वाकला आणि वाकूनच राहिला.

"वाच की."

"नऊ इंच... सहा."

ह्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि गाईडच्या मागच्या टोकाशी बोट घातलं. मग पुढच्या टोकाशी. पुन्हा मागच्या. बोटं अजून शाबूत होती, बोटांना कळलं.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"म्हंजी ह्याच्या बरगडीला लागलं ते..."

"बरगडीचं काय मिस्त्री," कासिमभाई म्हणाला. "बरी झाली."

"रोज तू लावतेस?"

"रोज."

"मी चहाला गेल्यावर."

"हो."

ह्यांनी गाईडवरचं बोट काढून घेतलं. "म्हणून हा रोज चहा पाजतोय," हे म्हणाले. "मी म्हटलं, एवढा दिलदार कवापासनं झाला."

पूर्णिमा फोनच्या बंद स्क्रीनकडे बघत होती. शहाणी मुलगी. मला वाटलं होतं, हे कळेल त्या दिवशी मी रडेन किंवा हे आरडाओरडा करतील. तसलं काही झालं नाही. मला फक्त खूप दमल्यासारखं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"लाव," हे म्हणाले.

"आत्ता?"

"मग काय पाडव्याला?"

मी नट सैल केला. ह्यांच्यासमोर पहिल्यांदाच. मागचं टोक हलक्या ठोक्याने बाहेर घेतलं, पुढचं माप घेतलं, मागचं घेतलं.

"मागनं केसभर मोकळं ठेव."

"ठेवलंय."

ह्यांनी पुन्हा बोट घालून बघितलं. "बरं हाय," एवढंच म्हणाले. माझ्या उभ्या संसारात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट, आणि ते मला नको होतं.

मग त्यांनी काठी घेतली आणि भिंतीचा आधार घेत मशीनच्या मागच्या बाजूला गेले. तिथे फळी धरायला माणूस लागतो. चिरून बाहेर येणारी फळी खाली पडू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. नवा माणूस लागला की पहिलं वर्ष तिथे काढतो, आणि मिस्त्री झालेला माणूस तिथे पुन्हा उभा राहत नाही.

"मिस्त्री, तुम्ही कशाला?" कासिमभाई म्हणाला. "बसा ना. वहिनी धरतील."

"ते गोणपाट सोड आधी," हे म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर बरं दिसत न्हाय."

कासिमभाईने गोणपाट सोडलं. ह्यांनी काठी भिंतीला उभी केली आणि दोन्ही हात पुढे केले, उजवा सरळ, डावा जरा वाकडा. मी मेन वर केला. पातं फिरायला लागलं.

"अगं," त्या आवाजातून ह्यांनी मला हाक मारली. माझ्याकडे न बघता. "हितं ये. डावीकडं तू थांब. मला तिकडचं दिसत न्हाय."

मी जाऊन त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहिले. कासिमभाईने फळी गाईडला टेकवली आणि पुढे सरकवली. ती सावकाश पात्यातून आली, येता येता दोन झाली. उजवी ह्यांनी धरली, डावी मी.