चौथी थाप

तिगावच्या नत्थूजींची उभी हयात बैलांत गेली. थोपटायचं तर दणकून अन् खाजवायचं तर बैलाचे डोळे मिटेपर्यंत, हा त्यांचा कायदा. सुनेच्या मनी मांजरीलाही त्यांनी तोच लावला.

मनी आपणहून मांडीवर येऊन बसली अन् घुरघुरली. चौथ्या थापेला मात्र शेपूट आपटायला लागली.

"माशा चावून राहिल्या बिचारीले," म्हणत नत्थूजींनी आणखी जोरात चोळलं. मनीचे कान मागे गेले अन् दुसऱ्याच क्षणी त्यांच्या मनगटावर चार लाल रेघा उमटल्या.

"बेइमान! मी लाड करून राहिलो अन् हे नखं मारते!"

सुचिता, म्हणजे सूनबाई, हळद लावत म्हणाली, "मामाजी, बस झालं म्हणून शेपूट आपटून सांगत होती ते. तुमी ऐकलंच नाही, मंग काय करन?"

"मांजरीचं काय ऐकाचं!" नत्थूजी फणकारले.

संध्याकाळी सौंसरहून सुचिताचे वडील आले. मोठा मोकळा माणूस. "काय व्याही!" म्हणत दर वाक्याला नत्थूजींच्या पाठीत थाप. चौथ्या थापेला नत्थूजींचा पाय हलायला लागला.

सुचितानं झटकन वडिलांचा हात धरला.

"बाबा, बस करा. मामाजींची शेपूट हलून राहिली."