टाळूवर भरावे

ज्या पत्रकाने माझ्या भाचीचा जीव घेतला, ते मी लिहिले होते.

सोलापुरात नव्या पेठेत वेणीमाधवपंतांचे सुगंधी तेलांचे दुकान होते. तेथला पत्रव्यवहार मी पाहत असे आणि बाटल्यांभोवती गुंडाळायची पत्रकेही लिहीत असे. मला चारचौघांत बोलता येत नाही. शब्द ओठांपर्यंत येतात आणि दार बंद दिसलेल्या पाहुण्यासारखे मुकाट्याने परततात. कागदावर मात्र ते न बोलावता येतात. पंतांनी माझा हा स्वभाव अचूक हेरला होता. निलगिरी, कापूर आणि पुदिन्याचे सत्त्व एकत्र करून त्यांनी ‘श्वासामृत’ नावाचे तेल काढले, तेव्हा ते मला म्हणाले, “नंदू, असं लिही की वाचणाऱ्या बाईला बाटली ठेवून जाववणार नाही.”

मी लिहिले. ‘तापल्या कपाळावर आईने हात ठेवावा, तसे हे तेल.’ या वाक्याचा मला किती अभिमान वाटला होता, हे आज सांगतानाही लाज वाटते. त्याखाली, दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या ज्ञानबांना विचारून, मी आणखी चार ओळी घातल्या होत्या. ‘हे तेल निखळ अंगास लावू नये, वाटीभर तिळेलात पाच थेंबांहून अधिक घालू नये. पोटात घेऊ नये. डोळ्यांपासून दूर ठेवावे. तान्ह्या मुलांच्या नाकाशी, छातीशी वा टाळूशी मुळीच नेऊ नये. त्यांचा श्वास कोंडतो.’

पंतांनी निळी पेन्सिल घेतली आणि त्या चारही ओळींवर एकच आडवी रेघ ओढली.

“आपण तेल विकतोय की साप?” ते हसून म्हणाले. “जिथं भीती लिहिली, तिथं गिऱ्हाईक पाय मागं घेतं.” मग किंचित विचार करून त्यांनी समासात स्वतःच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली: ‘लहान मुलांच्या टाळूवर रोज भरावे.’

त्यांचा हिशेब मला कळला. आपल्याकडे तान्हे मूल असलेल्या प्रत्येक घरी रोज सकाळी न्हाऊ घातल्यावर टाळू भरतात. डोक्यावरची ती मऊ, धडधडती जागा तेलाने भिजली म्हणजे मूल बाळसे धरते, अशी आजीपासून नातीपर्यंत सर्वांची श्रद्धा. जे तेल महिन्यातून एकदा सर्दीला काढायचे, ते रोज टाळूला लागू लागले तर बाटली आठ दिवसांत रिकामी होणार.

“पण ज्ञानबा म्हणत होते...” मी म्हणालो.

“ज्ञानबा दुकान चालवतात का?”

त्यानंतर मी जे म्हणायला हवे होते ते गेली दोन वर्षे मनात म्हणत आहे. त्या दिवशी मी म्हणालो, “बरं.”

माझी बहीण शकुंतला बाळंतपणासाठी सासरहून, करकंबहून आमच्या घरी आली होती. मुलगी तीन महिन्यांची झाली होती. तिचे नावसुद्धा मीच सुचवले होते. मार्गशीर्षातल्या थंडीत पोरीचे नाक चोंदले. शेजारणीने कौतुकाने श्वासामृताची बाटली आणून दिली. शकूने पत्रक उलगडले, वाचले, आणि सकाळी न्हाऊ घातल्यावर मुलीची टाळू त्या तेलाने भरली. गिरणीचा दहाचा भोंगा झाला तेव्हा मी दुकानात पाकिटांवर पत्ते लिहीत होतो. घरी पोचलो तेव्हा पाळण्याची दोरी अजून शकूच्या हातात होती, आणि सगळ्या खोलीला आमच्या दुकानाचा वास येत होता.

“वाचलं तेव्हाच कळलं, हे तुझंच लिहिणं,” ती म्हणाली. “म्हणून तर भरलं.”

तिने मला कधी बोल लावला नाही. एवढे एकच वाक्य, आणि तेही एकदाच.

करकंबहून पुन्हा बोलावणे आले नाही. ती रोज सकाळी उठे, सवयीने वाटीत तिळाचे तेल कोमट करी, आणि मग ते कुणाला लावायचे हे आठवून वाटी तशीच चुलीशेजारी ठेवून देई.

दहाव्या दिवशी पंत समाचाराला आले. मी त्यांना सर्व सांगितले. बोलता बोलता माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना पुढे वाकावे लागले. त्यांनी उपरणे सावरले.

“देवाची इच्छा,” ते म्हणाले. दारापर्यंत गेले, आणि वळून हलक्या आवाजात म्हणाले, “बाहेर काही बोलू नकोस हो. पत्रक शेवटी तुझ्याच हातचं आहे.”

त्या क्षणापासून माझ्या जगण्याला एकच कारण उरले. या माणसाने, आपल्या तोंडाने, आपल्याच दुकानात, चारचौघांसमोर म्हणावे: हे तेल लेकरासाठी नाही. तक्रार, भांडण, कोर्टकचेरी यांत ते कधीच म्हणणार नाहीत, हे मी जाणून होतो. समासातली ती ओळ माझ्या ट्रंकेत होती. पण नाकारायला त्यांना किती वेळ लागला असता? शिवाय मला त्यांची शिक्षा नको होती. मला त्यांची भीती हवी होती. शकूच्या हातातली दोरी जशी मी पाहिली, तसा त्यांचा चेहरा मला पाहायचा होता.

मी नोकरी सोडली नाही. माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रकावरची ती ओळ मी काळ्या शाईने खोडत असे. पण पत्रके हजारांनी छापलेली, बाटल्या अक्कलकोटपर्यंत जात होत्या, आणि हात माझे दोनच होते. रोज रात्री अंथरुणावर पडलो की एकेका न खोडलेल्या पत्रकामागचे एकेक घर मला दिसे.

पंतांच्या घरीही एक नातू होता. आमच्या पोरीहून अठरा दिवसांनी लहान.

फाल्गुन सरत आला तेव्हा मी आयुष्यात प्रथमच त्यांना आपणहून काही सुचवले. “पाडव्याच्या पूजेला बाळाला दुकानात आणावं. लोकांसमोर त्याची टाळू आपल्या तेलानं भरावी. पेठेत बोलबाला होईल.”

पंत माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “अरे, तुला डोकं आहे की! मी उगाच समजत होतो, नुसती कविता आहे.”

आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुकानात कोणी नाही असे पाहून, ते माझ्या मेजाशी आले. “उद्याच्या त्या बाटलीत आपलं साधं तिळाचं तेल भर. लेबल तेवढं आपलं. कळलं ना? कोवळं पोर आहे.”

म्हणजे त्यांना ठाऊक होते. अजाणता चुकले असतील, ही एक शेवटची फट मी मनात त्यांच्यासाठी उघडी ठेवली होती. तीही त्यांनी आपल्या हाताने लावून घेतली. ‘कोवळं पोर’ हे दोन शब्द त्यांना येत होते. फक्त ते त्यांनी आपल्या घरापुरते राखून ठेवले होते.

त्या दुपारी मी एक नव्हे, दोन बाटल्या भरल्या. एका निळ्या बाटलीत तिळाचे तेल घातले. तिच्या बुचाला आतून निखळ श्वासामृत चोळले, आणि बूच लाखेने पक्के बंद केले. दुसरीत काय भरले ते पुढे सांगेन.

पाडव्याला दुकान धुतले होते. कडुनिंबाचे डहाळे, उदबत्त्या, पाट, रांगोळी. पेठेतल्या बायका दाटीने उभ्या होत्या. पंतांची सून प्रभा कुंची घातलेले बाळ मांडीवर घेऊन पाटावर बसली. तिच्यासमोर सोनाबाई होती. निम्म्या पेठेची पोरे तिने आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली होती. माझी बहीणही आली होती. मी तिला फक्त ‘ये’ म्हटले होते. ती दाराशी, खांबाला धरून उभी होती.

“आपल्या घराण्याचं तेल, आपल्या नातवाच्या टाळूवर!” पंत सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. “दुसऱ्याला सांगावं ते आधी आपण करावं.”

“तर हो!” सोनाबाई म्हणाली. “आना हिकडं बाटली. शेट, तुमचा नातू तुमच्यावानीच हाय की, डोस्कं मोठं आन् केस न्हाईत!”

बायका हसल्या. पंतही हसले. मी कोटाच्या डाव्या खिशातून बाटली काढून सोनाबाईच्या हाती दिली. उजव्या खिशातली मांडीला थंड लागत होती.

तिने लाख खरवडली आणि बूच उपसले. तो वास बाहेर पडला. उदबत्तीच्या, निंबाच्या, ओल्या फरशीच्या वासातून एखाद्या सुरीसारखा सरळ आला. सोनाबाईने मान मागे घेतली. “आगं आई गं! लई झोंबतंय की डोळ्यास्नी.”

पंतांचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले आणि त्यामागचा माणूस नाहीसा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. ते ज्या नंदूला ओळखत होते, त्याने या वेळी नजर खाली केली असती.

“असू दे. टाळूला बरं असतंय न्हवं, कागदात लिवलंय,” असे पुटपुटत सोनाबाईने कुंची मागे सारली. ती मऊ जागा उघडी पडली. धडधडत होती. तिने बाटली कलती केली.

“थांब!” पंत ओरडले. “नको! मरेल तो! लेकराला नाही चालत ते तेल!”

बाटली त्यांनी तिच्या हातातून हिसकली आणि दाराबाहेरच्या पायरीवर भिरकावली. काच फुटली. बाळ दचकून रडू लागले. पंतांनी त्याला प्रभाच्या मांडीवरून उचलून छातीशी धरले, आणि त्यांचे ओठ थरथरत राहिले. मी तो चेहरा पाहिला. ज्यासाठी चार महिने श्वास घेतला, तो पोटभर पाहिला.

मग मागून पेठेतली कानडी बसम्मा पुढे आली. तिच्या कडेवर तिचा धाकटा होता. ती सावकाश बोलली, पण तिचा आवाज पेठेच्या टोकापर्यंत जाणारा होता.

“काय वो शेटजी, माझ्या लेकराला महिनाभर भरतोय मी हे तेल. तुमीच दिलासा, टाळूवर भर म्हणून. माझ्या लेकराला चालतंय, आन् तुमच्या नातवाला मरण व्हय?”

“तसं नव्हे... आज बाटलीत काहीतरी...” पंत म्हणाले, आणि त्यांची नजर पायरीकडे गेली. फुटक्या काचांमधून पिवळे, दाट, साधे तिळाचे तेल हळूहळू उतरत होते. त्यातून कुठलाही झोंबणारा वास येत नव्हता. ते काय आहे, हे पेठेतल्या कोणत्याही बाईला सांगावे लागले नसते. पंतांनी ते पाहिले, आणि आपल्याला काय बोलायला लावले गेले, ते त्यांना उमगले.

“हे तर आपलं गोडं त्याल हाय,” सोनाबाई पायरीवर बोट टेकवून म्हणाली. मग तिने मान वर केली. “मंजी आपल्या नातवाला तुमी गोडं भरनार व्हता. आन् आमाला कागूद!”

शकू दाराशी होती तेथून हलली. गर्दीने तिला वाट दिली. ती पंतांसमोर उभी राहिली. माझी बहीण काय बोलेल याचा मी अनेकदा विचार केला होता. तिने फक्त बाळाची कुंची सारखी केली, टाळू नीट झाकली, आणि म्हणाली, “माझी अठरा दिवसांनी मोठी होती.”

बायकांनी एकेक करून बाटल्या आणल्या आणि मेजावर ठेवल्या. कोणी आपटल्या नाहीत. तो काचेचा हलका आवाज मला कुठल्याही शिवीहून गोड वाटला, हे मी लपवत नाही.

मी खिशातला जुना कागद काढला, निळ्या रेघेचा. तो वाचून दाखवायचे ठरवले होते, पण शब्द पुन्हा दारावरूनच परतले. कागद मी बसम्माच्या हाती दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने तो शेजारच्या पोरीला दिला, आणि त्या पोरीने माझ्या चार ओळी शाळेतल्या धड्यासारख्या मोठ्याने वाचल्या. वाटीभर तिळेलात पाच थेंब. पोटात घेऊ नये. डोळ्यांपासून दूर. तान्ह्या मुलांच्या टाळूशी मुळीच नेऊ नये.

“आधी का न्हाय सांगितलासा रे, मास्तर?” बसम्माने मला विचारले.

मी मेजावरच्या बाटल्या मोजू लागलो.

आषाढाआधी पंतांनी दुकानाला कुलूप घातले. आता बायका घरी येतात. निलगिरीचे किती थेंब, लवंगेचे तेल दाढेला कसे लावायचे, असे विचारतात. मी दाराआडून सांगतो. शकू ते त्यांना पुन्हा समजावून देते, कारण माझे त्यांना ऐकू जात नाही.

पाडव्याच्या त्या दुपारी घरी आल्यावर मी कोट खुंटीला अडकवला. शकू धुवायला तो काढू लागली आणि उजव्या खिशात तिचा हात थांबला. तिने बाटली बाहेर काढली. लाख लावलेली, न उघडलेली. तिने ती उजेडाशी धरून कलती केली. आतले तेल पाण्यासारखे चटकन सरकले.

“दोन कशाला भरल्या होत्यास?” तिने विचारले.

मी खिडकीबाहेर पाहिले. सकाळी सोनाबाईने हात पुढे केला तेव्हा कोणत्या खिशात हात घालायचा हे माझे ठरले नव्हते. डावा हात आधी हलला, एवढेच खरे.

मग मोरीवर जाऊन तिने लाख फोडली आणि सारे तेल ओतून दिले. वर दोन घागरी पाणी ओतले. तरी आठ दिवस मोरीला श्वासामृताचा तो वास राहिला. तिथून नेमाने जाणारी मुंग्यांची रांग तेवढे दिवस भिंतीवरून वळसा घालून जात होती. सकाळी वाटीत तिळाचे तेल कोमट करताना शकू त्या मुंग्यांकडे पाही, आणि माझ्याकडे पाहत नसे.