हरवलेल्या पानाची सोबतीण

मी एक वाळूची पिशवी आहे. वीतभर लांब, दोन बोटं जाड, दोन्ही टोकांना शिवलेली. जुनी पुस्तकं उघडली की पानं आपोआप मिटायला बघतात. त्यांच्यावर अलगद पडून राहायचं, एवढंच माझं काम. सारा जन्म असा पडून काढल्यामुळे जाग कुठे संपते आणि झोप कुठे लागते, ते मला नीट कळत नाही. तरी आठवतंय तसं सांगते.

मला शिवलं बाईंच्या आईने. बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई, प्राचीन ज्यू ग्रंथांच्या अभ्यासक. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एकदा कुणीतरी हिब्रू अक्षरांची पाटी रंगवायला टाकली. अकरा वर्षांच्या बाईंनी विचारलं, यात लिहिलंय काय? वडील म्हणाले, मला काय ठाऊक, पण एक रेघ हुकली तर पाटी परत येईल. उजवीकडून डावीकडे चालणारी ती अक्षरं मुलीच्या डोक्यातून गेलीच नाहीत. पुढे हस्तलिखितांच्या ग्रंथालयात बसायची परवानगी मिळाली, तेव्हा आईने वडिलांच्या जुन्या सदऱ्याची बाही कापली, वाळू तीनदा धुऊन वाळवली आणि मी झाले. ग्रंथपालांनी मला तळहातावर तोललं, नाकाशी धरून पाहिलं आणि आत सोडलं.

तिथे उन्हाचा पट्टा टेबलावरून सावकाश सरकायचा. चामड्याची पानं माझ्याखाली श्वास घेतल्यासारखी किंचित फुगायची. बाईंचे सर समोर बसायचे. एका फाटक्या पानावर त्यांचा फार जीव. त्यातली वाटसरूची गोष्ट मध्येच सुरू होत होती. हिब्रूत ‘एक’ आणि ‘दुसरा’ हे शब्द जवळजवळ जुळे. शेवटच्या अक्षराचा कोपरा टोकदार तर ‘एक’, गोल तर ‘दुसरा’. सर वाचायचे, वाटसरू दुसऱ्या घरी थांबला. म्हणजे पहिलं घर आधीच्या पानावर असणार, आणि ते पान हरवलंय. तीस वर्षं ते तेच शोधत होते.

बाईंना कोपरा टोकदार दिसला. त्यांनी भर सभेत सांगितलं, घर एकच आहे, गोष्ट इथेच सुरू होते, हरवलेलं पान नाहीच. सरांनी आपले कागद गोळा केले. त्यानंतर ते बाईंशी बोलले नाहीत. बाईंचं नाव झालं. आनंद मात्र झालेला मला दिसला नाही. त्या वाचताना मला उगीच कुरवाळत बसायच्या.

अठरा वर्षांनी ते पान स्वच्छ होऊन आलं. मी वर चढले, बाई वाकल्या आणि तशाच राहिल्या. कोपरा गोल होता. टोक होतं ते मळाचं. शेजारच्या प्राध्यापकांनी हळूच सुचवलं, इतक्या जुन्या गोष्टीकडे आता कोण बघतंय. बाईंनी मला खिशात टाकलं आणि थेट सरांचं घर गाठलं.

सरांच्या मुलीने दार उघडलं. आत घ्यावं की नाही, या विचारात ती उंबऱ्यातच उभी राहिली. आतून सरांनी विचारलं, कोण आहे? त्यांची दृष्टी गेली होती. बाई खुर्चीशी जमिनीवरच बसल्या.

“सर, तुमचं बरोबर होतं. तो मळ होता.”

मग सरांनी विचारलं, “कुठल्या अंगाला?”

“उजवीकडे, वर.”

“मलाही दिसायचा. नखाने काढावासा वाटायचा, पण पानाला इजा होईल म्हणून धीर झाला नाही. तू दिसलं तेच वाचलंस.”

“पण तुमचा शोध मी थांबवला.”

“मग आता तू सुरू कर. डोळे आहेत तुझ्याकडे.”

बाईंनी आपली चूक आपल्याच नावाने छापली. काहींनी हात झटकले, काही हसले. बाई आता रोज ग्रंथालयात नोंद न झालेल्या तुकड्यांची खोकी एकेक करून उघडतात आणि गुरुवारी येऊन सरांना वाचून दाखवतात. पान अजून सापडलेलं नाही.

मी मात्र सरांकडे गेलो त्या दिवसापासून इथेच राहिले. सरांनी मला बाईंकडून मागून घेतलं, तेव्हापासून मी त्यांच्या मांडीवर असते. ऐकता ऐकता सरांना नि मला दोघांनाही डुलकी लागते आणि कुठलातरी वाटसरू आमच्यामधून चालत जातो. अलीकडे माझी शिवण उसवतेय. सरांच्या धोतरावर वाळू सांडते म्हणून त्यांची मुलगी मला टाकून द्यायचं म्हणते. तिला कुणीतरी सांगा, दोन टाके पुरतील. मला पुढच्या गुरुवारी इथे असायचंय.