धड्याखालचा स्वाध्याय

आमच्या ताईला तपासायची भारी हौस. शिक्षिका असती तर एकवेळ समजून घेतलं असतं, पण ती विमा कार्यालयात नोकरी करते. तिथे दिवसभर लोकांचे अर्ज तपासते आणि घरी आली की पर्स खाली ठेवायच्या आधी लेकीची वही मागते. पहिलीपासून बारावीपर्यंत त्या पोरीचा एकही गृहपाठ ताईच्या नजरेखालून गेल्याशिवाय शाळेत पोचला नाही. पोरगी दरवर्षी पहिली यायची. का नाही येणार? पुढ्यात येईल ते तिने करायचं आणि पुढ्यात काय यायचं ते ताईने बघायचं, अशी वाटणीच होती. घरात आम्ही तिला 'शहाणी' म्हणतो. त्यातलं कौतुक किती आणि चिमटा किती, ते म्हणणाऱ्यावर अवलंबून.

ही शहाणी यंदा वनस्पतिशास्त्र शिकायला माझ्याकडे आली. खाली माझं चष्म्यांचं दुकान, वर दोन खोल्या आणि कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. सोडायला आलेल्या ताईने निघताना मला बजावलं, "तिला तुझ्यासारखं मोकळं सोडू नकोस हं."

"ताई, चाळिशी उलटली माझी," मी म्हटलं. "आता बांधायचं म्हटलं तरी कुणाला बांधवेल?"

कॉलेज सुरू झालं आणि मला एक फुकटची मदतनीस मिळाली. दुपारी तास संपले की शहाणी सरळ दुकानात. आरसे पुसले, चष्म्यांच्या डब्यांना नंबर लावले, चौकटी आधी रंगाप्रमाणे लावल्या, मग आकाराप्रमाणे, मग पुन्हा रंगाप्रमाणे. मी विचारायची, "अभ्यास?"

"झाला."

"कधी झाला?"

"वर्गात. घरी करायला काही दिलंच नाहीये."

संध्याकाळी ताईचा फोन यायचा. तोच प्रश्न, तेच उत्तर. मग ताई माझ्यावर घसरायची. "कसलं गं हे कॉलेज! फी मोजून घेतात आणि गृहपाठाच्या नावाने शंख!" जणू कॉलेज मीच काढलं होतं. पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो, आणि तिथेच फसलो.

पहिल्या चाचणीत शहाणीला चाळीसपैकी अकरा गुण पडले.

ती दुकानात आली आणि डोळे तपासायच्या उंच खुर्चीत जाऊन बसली. रडत होती, पण दुःखापेक्षा तिला धक्काच जास्त बसला होता. "मावशी, वर्गात सांगितलेलं मला सगळं पाठ होतं. त्यांनी वर्गात न सांगितलेलंच विचारलं!" असं म्हणत तिने पहिल्या दिवशी मिळालेला अभ्यासक्रमाचा कागद माझ्यापुढे धरला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'तासांव्यतिरिक्त स्वाध्याय, आठवड्याला सहा तास.'

"अगं, मग हे काय आहे?" मी विचारलं.

"तोच तर नाहीये ना पुस्तकात! प्रत्येक धड्याच्या शेवटी शोधला मी. शाळेच्या पुस्तकात कसं, धडा संपला की खाली स्वाध्याय असायचा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या. ह्या पुस्तकात एक धडा संपला की दुसरा सुरू. मला वाटलं, आमच्या आवृत्तीत छापायचा राहिला."

मला हसू आवरेना.

"हसू नकोस," शहाणी चिडून म्हणाली. "ग्रंथालयात जाऊन मी जुनी आवृत्तीसुद्धा बघितली."

आता ह्यावर माणसाने काय करावं? अभ्यास चुकवायला पोरं शंभर युक्त्या करतात, आणि ही आमची जगावेगळी, करायला अभ्यास मिळत नाही म्हणून वणवण हिंडत होती. पण हसून प्रश्न सुटणार नव्हता. ताईने फोनवर गुण विचारले, शहाणीने सांगितले आणि ताईने तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. "शनिवारी येते मी. सामान बांधून ठेव. आपल्या इथल्या कॉलेजात नाव घालू. निदान डोळ्यांसमोर तरी राहशील."

फोन ठेवून शहाणी कपाटातले कपडे काढू लागली. मी विचारलं, "तुला काय हवंय?"

हा प्रश्न तिला कुणी फारसा विचारलेला नसावा. ती आधी गांगरली, मग म्हणाली, "पानाची पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली ना, की तिच्यावर बारीक बारीक तोंडं दिसतात, मावशी. काही उघडी, काही मिटलेली. मला ते इथेच शिकायचंय. तिकडच्या कॉलेजात ही शाखाच नाही. मला घरी नाही जायचं."

पण ताईच्या पुढे बोलायची माझी छाती लहानपणापासूनच नाही. तिच्याशी चेष्टा करते तेवढीच.

सुदैवाने त्याच आठवड्यात शहाणीचे वनस्पतिशास्त्राचे सर चष्म्याचा नंबर तपासायला माझ्याकडे आले. नंबर तपासताना गिऱ्हाइकाच्या नाकावर एक अवजड लोखंडी चौकट बसवावी लागते. ती एकदा बसली की भल्याभल्यांना हलता येत नाही. मी ती सरांच्या नाकावर बसवली, दोन्ही कानांमागे घट्ट केली आणि मग विषय काढला.

"ती? पहिल्या बाकावरची?" सर म्हणाले. "तिचं मलाही नवल वाटलं. वर्गात इतकं टिपून घेणारी मुलगी अकरावर कशी अडकली? स्वाध्याय करत नाही का?"

"धड्याखाली शोधते हो ती. सापडत नाही म्हणते."

सरांना अर्थ लागायला जरा वेळ लागला. मग ते असे हसले, की माझी चौकट नाकावरून घसरून त्यांच्या मांडीवर आली. "अहो, म्हणजे स्वतःचा अध्याय! आपलं आपण वाचायचं, शोधायचं. तो छापणार कोण आणि कुठे?"

"हे तिला कुणी सांगितलंय का?"

सर हसायचे थांबले. "नाही," ते जरा ओशाळून म्हणाले. "आम्ही कागदावर छापतो आणि मोकळे होतो." थोडा विचार करून पुढे म्हणाले, "तिला सांगा, प्रत्येक धड्याखालचा स्वाध्याय आता तूच तयार कर. प्रश्न तुझे. अट एकच, उत्तर तुला येत नसलं पाहिजे. प्रश्न घेऊन माझ्याकडे ये."

मी चौकट पुन्हा बसवली, भिंग बदललं आणि विचारलं, "सर, हे स्पष्ट दिसतंय, की आधीचं?"

"तुम्हीच सांगा ना. तुम्हाला कळतं त्यातलं."

"डोळे तुमचे आहेत, सर. स्वाध्याय करा."

पुन्हा चौकट मांडीवर.

शहाणीने त्याच संध्याकाळी दहा प्रश्न लिहिले. सरांनी ते दहाही खोडले, कारण उत्तरं तिला येत होती. ती फणकारत घरी आली. "मला जे येत नाही, ते मला येत नाही हे मला कसं कळणार?" मी म्हटलं, "मी चष्मे विकते बाई, मला नको विचारूस." पण दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या चौकटी रंगाप्रमाणे लागायच्या थांबल्या. ती ग्रंथालयात बसू लागली. जेवताना घास हातातच धरून कुठेतरी बघत राहायची. एकदा भांडी घासता घासता ओरडली, "मावशी, झाडाला वर कुठे नि खाली कुठे हे कळतं कसं?" तिच्या हातून बशी फुटली. मी तिला चकार शब्द बोलले नाही.

शनिवारी ताई मोठी रिकामी सूटकेस घेऊन हजर झाली. चहासुद्धा नको म्हणाली. टेबलाशी बसली आणि हात पुढे केला. "आण वही."

शहाणीने वही दिली. ताईने एक पान उलटलं, दुसरं उलटलं. "हे नुसतेच प्रश्न आहेत. उत्तरं कुठायत?"

"नाहीत अजून."

"मग मी तपासू काय?"

मी दाराशी उभी. ताई एकेक प्रश्न मोठ्याने वाचू लागली, अर्जातली चूक वाचावी तशी. "'खिडकीतली कुंडी फिरवली की झाड पुन्हा उजेडाकडे वळतं. पण फक्त शेंडाच वळतो. खालचं वाकलेलं खोड सरळ का होत नाही?'" वाचून ती फुत्कारली. "ह्यात विचारायचं काय? नाहीच होत. दर आठवड्याला फिरवते मी आपली कुंडी. शेंडा वळतो, खालचं आहे तसंच राहतं."

"हो, पण का राहतं?" शहाणीने विचारलं.

"का म्हणजे? राहतं म्हणून राहतं." ताईने पान उलटायला बोट लावलं, पण ते उलटेना. बोट तिथेच राहिलं. इतकी वर्षं ती लेकीला प्रश्न विचारत आली होती, आणि त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिला आधीच ठाऊक असायचं. आता तिच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हे, तिची रागाची आठी मी चांगली ओळखते. "का गं राहतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही, आई. सर म्हणाले, सोमवारी प्रयोगशाळेत खोडाचे काप घेऊन बघ."

ताईने तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग मान वर न करता तिने मला सांगितलं, "चहा टाक."

शहाणी चाचरत म्हणाली, "म्हणजे... सोमवारी मी इथेच?"

"मग काय, घरी येऊन कुंडीला विचारणार आहेस?" ताई खेकसली. तिने वही मिटली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तपासणी अर्ध्यावर सोडून ती लेकीला परत दिली. "उत्तर सापडलं की मला सांगायचं. मला खरंच माहीत नाही."