अठ्ठेचाळिसावा व्हॉल्व्ह

"कान लावा की, ताई. लाजताय काय!"

कृष्णातमामांनी व्हॉल्व्हची चावी, म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी कांब, खड्ड्यात उभी धरली होती. अनुजानं इकडंतिकडं पाहिलं, ओढणी मागं टाकली आणि कांबेच्या टोकाला कान टेकवला. आधी नुसतं गार लागलं. मग खोलवरून संथ, भरीव असा आवाज आला. दहा महिन्यांची लेक अंगावर झोपली की तिच्या छातीतून येतो, तसा. 

"आत्ता पानी तालमीपशी वळलं बगा," मामा म्हणाले. "मधी खरखरतंय न्हवं? तितं पाइप गळतोय. परवा खनायचा हाय."

अनुजा शहरालगतच्या गावांसाठी नेमलेल्या विकास प्राधिकरणात कंत्राटावर अभियंता होती. भोवतालची गावं शहरात घ्यायची की गावानं गावच राहायचं, यावरून कोल्हापूरच्या चहूबाजूंनी रान पेटलेलं. त्यात तिचं काम साधं होतं: गावातला एकूण एक व्हॉल्व्ह टॅबवर नोंदवायचा. जागा, खोली आणि जबाबदार यंत्रणा. पंचायतीत नकाशा मागितला, तर क्लार्कनं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर मामा सायकलला चावी बांधत होते. एकतीस वर्षं गावाचं पाणी सोडणारा चावीवाला. महिनाअखेरीला निवृत्त होणार होता.

"सरपंच म्हनलं, काय दाखवू नगंस," मामांनी वाटेत सांगून टाकलं. "यादी दिली म्हंजे गाव दिलं."

"मग का दाखवताय?"

"मी घरात बसल्याव पानी कोन सोडनार? सरपंच?" आणि स्वतःच खो खो हसले.

दुपारपर्यंत सत्तेचाळीस व्हॉल्व्ह झाले. मामा एकदाही अडले नाहीत. "ह्यो माज्या लग्नाच्या साली बसवला. अडीच हात खाली. उलटा फिरतोय. घाईत सुलटा फिरवलासा तर मोडतोय." अनुजानं खातरजमा म्हणून टेप सोडला. अडीच हात म्हणजे अडीच हात. कुठल्या गल्लीत कोण बाळंतीण आहे, कुणाकडं उद्या जेवणावळ आहे, त्यावर आट्यांचा हिशेब. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. चार वर्षं तिनं पाणीपुरवठा शिकला होता, पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. टोपीखाली अख्खं गाव घेऊन हा माणूस सायकलवरून हिंडत होता आणि लोक त्याला 'ए पानीवाल्या' म्हणून हाक मारत होते.

ओढ्याच्या कोरड्या पात्राशी मामा थांबले.

"झालं ना सगळं?" तिनं विचारलं.

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "एक हाय. पर त्यो नोंदीवला, तर जाता जाता माज्यावर चौकशी लागंल. इचारल्याबिगर जोडलाय."

"मग राहू दे, मामा. मी काही पाहिलं नाही."

"असं कसं? त्यो न्हाय दावला, तर ही पल्याडची माणसं कागदाव येनारच न्हाईत."

पात्राच्या पलीकडं चाळीसेक घरं होती, आणि घरांच्या मागं पुन्हा ओढा. पण हा वाहता. सहा वर्षांपूर्वी, पुराच्या साली, ओढ्यानं पात्र बदललं होतं. हद्द ओढ्याची, हे सगळ्यांना मान्य. गाव म्हणे, जुना ओढा धरा, ही घरं शहराची. शहराकडचे म्हणत, वाहता ओढा धरा, ही घरं गावाची. प्राधिकरण म्हणे, तुमचं दोघांचं ठरलं की या.

"मग यांना पाणी कोण देतं?"

"कोन न्हाय," मामा म्हणाले. "मी देतो."

पात्र ओलांडून दोघं घरांपाशी पोचली, तोच एक सत्तरीची म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढं झाली. "व्हय रं किस्नाता, चारचं पानी, सव्वाचार झालं! झोपलातास काय?"

"चिमणाबाई, पावणं आल्यात की गं."

"पावण्यास्नी बी तानच लागती की!"

तिच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशानं मोठ्या आकड्यांत एक फोन नंबर लिहिला होता. मामांचा. "न इचारता लिवलाय बायकांनी," ते कौतुकानं म्हणाले. "मुलकाच्या शिव्या खातोय बगा."

दगडाखालच्या खड्ड्यात चावी बसली. मामांनी मोजून चौदा आटे फिरवले, मग आणखी अर्धा. "पंधरा केलं तर गावातल्या टाकीला कमी पडतंय." नळांखालच्या घागरी एकामागून एक वाजू लागल्या. अनुजा ऐकत राहिली. सहा वर्षं, रोज, साडेचौदा आटे.

टॅबवर रकाना उघडला: जबाबदार यंत्रणा. ग्रामपंचायत, महापालिका, प्राधिकरण. रिकामा ठेवता येत नव्हता.

"माजं नाव घाला," मामा म्हणाले.

"माणूस चालत नाही, मामा. यंत्रणा लागते."

मामांनी टॅबवरची तिन्ही नावं वाचली. "मग तिघास्नी बी घाला. भांडूद्यात. पर घरं दिसली पायजेत."

प्रशिक्षणात सांगितलं होतं, एकच निवडा. अनुजानं तिन्ही चौकटींवर खुणा केल्या. टॅबनं अडवलं नाही. नकाशावर दोन ओढ्यांच्या मधोमध अठ्ठेचाळिसावा ठिपका उमटला.

चिमणाबाई खांद्यावरून डोकावत होती. "ह्या ठिपक्याला फोन हाय का? ह्यो किस्नात म्हयना सरला की घरात बसनार. आमी वराडायचं कुनाम्होरं?"

 घरची लेक, तिची दुधाची वेळ, स्वतःचं अकरा महिन्यांचं कंत्राट, सगळं अनुजाच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं अंगणातल्या चुलीपाशी पडलेला कोळसा उचलला आणि मामांच्या नंबराखाली स्वतःचा नंबर लिहिला. मामांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचून तपासला, आटे मोजतात तसा.

मग त्यांनी बाही पुढं ओढली आणि वरचा, आपला नंबर पुसायला हात भिंतीला लावला.

"ऱ्हाऊ दे," चिमणाबाई म्हणाली. "पान्यासाटनं न्हाय. जेवलास का इचाराय."

मामांचा हात भिंतीवर तसाच राहिला.