मालकाचा रकाना

खोटं कायले सांगू, मी पंचायतीत यादी पाहाले गेली होती थे फक्त एवढ्यासाठी, का अंजूच्या घरापेक्षा माह्यं घर कागदावर मोठं दिसते का नाही. अंजू माही धाकटी जाऊ. माह्या दिराचं, दिनेशचं, लग्न झालं अन् सासऱ्यायनं जित्तेपणीच घराचे दोन वाटे करून देले. मधात भिंत उभी राह्यली. इकडं आमी, तिकडं दिनेश अन् अंजू. जागा सारखी, भिंत एकच. पण गावातले लोकं तिच्या घराले 'अंजूचं घर' म्हणते अन् माह्या घराले आमच्या ह्यायच्या, म्हणजे माह्या नवऱ्याच्या, नावानं ओळखते. हे मले पहिल्यापासून खुपे.

आमचं गाव कामरगावच्या अलीकडं. आमचा भाजीपाल्याचा मळा. मेथी, पालक, वांगे, कोबी, जे निघन थे कामरगाव नाही तं कारंजाच्या बाजारात. अंजूचेही तेच. दोघी एकाच जीपमधी टोपले घेऊन जातो, शेजारी शेजारी बसतो, अन् तिचे वांगे माह्या आधी खपते. वांगे सारखेच असते, एकाच पाण्यावरचे. पण ती गिऱ्हाइकाशी हसून बोलते अन् मले हसणं जमत नाही.

तं आकारणीचं सांगत होती. दर चार वर्षांनी पंचायत घरं नव्यानं मोजते अन् त्यावरून घरपट्टी ठरवते. मागच्या हिवाळ्यात पंचायतीचा शिपाई धरमसिंग टेप घेऊन आला, संग एक लिहिणारा माणूस. आधी गेले अंजूकडं. मी भिंतीपाशी उभी राहून सगळं ऐकलं. तिनं टिनाचं छप्पर टिनाचं सांगतलं, मातीची भिंत मातीची सांगतली, घर कोणत्या सालचं तेही बरोबर सांगतलं. मंग माह्याकडं आले. मी गोठाही मोजाले लावला. न्हाणीघर मोजलं, ओटा मोजला, बांधकाम कदीचं इचारलं तं पाच वर्षं अलीकडचं सांगतलं. धरमसिंग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणे, बाई, लोकं घर लहान करून सांगते, तुमी मोठं करून सांगून राह्यल्या, पट्टी वाढन ना. म्या म्हटलं, वाढू दे. पट्टी जास्त म्हणजे घर जास्त, एवढं साधं होतं माह्या डोक्यात.

उन्हाळ्यात यादी लागली. पंचायतीच्या भिंतीवर काचेच्या पेटीत कागद डकवले होते. मी माहेरी, शिरपूरच्या शाळेत, सातवीपर्यंत शिकेल आहो, वाचता येते. बोट काचेवर फिरवत फिरवत खाली आली. मिळकत क्रमांक दोनशे तेरा आमचं, दोनशे चौदा तिचं. क्षेत्रफळ आमचं जास्त. पट्टी आमची जास्त, चांगली दीडपट. मले एवढा आनंद झाला का मी एकटीच तिथं हसली. सांगतलं ना, मले हसणं जमत नाही, पण तवा जमलं.

मंग नजर डावीकडं गेली. तिथं मालकाच्या नावाचा रकाना होता. आमच्या ओळीत लिहिलं होतं, दौलतराव शालिकराम इंगोले. आमच्या ह्यायचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण कागदावरचं हाय म्हून सांगते. त्याच्या बाजूले राहणाऱ्याचा रकाना, त्यात एकच शब्द, 'स्वतः'. म्हणजे त्या घरात हे एकटेच राह्यते. अन् खालच्या ओळीत लिहिलं होतं, दिनेश शालिकराम इंगोले व सौ. अंजू दिनेश इंगोले.

माह्या आंगाचा तिळपापड झाला. पट्टीबिट्टी सगळं इसरली. तिचं नाव, छापील, मालकाच्या रकान्यात, अन् माह्यं कुठंच नाही. त्या घरात मी तीस वर्षं काढली. त्याच्या मातीच्या भिंती मी माह्या हातानं लिपल्या, स्लॅब टाकला त्या दिवशी चाळीस माणसायचा सयपाक एकटीनं केला. अन् ती बाई आठ वर्षांनी मांगून आली, अन् मालकीण झाली.

घरी येईपर्यंत मले सगळं आठवत गेलं. दिनेशनं तिले स्कूटी शिकवली. दिनेश तिले डोळे दाखवाले कारंजाले घेऊन गेला, अन् मले ह्यायनं म्हटलं होतं, जीपनं जा. दिनेश तिले चार माणसायत नावानं हाक मारते, माह्यं नाव ह्यायच्या तोंडून मी दहा वेळा ऐकलं नसन. अन् आता हे. ज्याच्या मनात बायको असते तो तिले कागदावर लावते, ज्याच्या मनात नसते तो 'स्वतः' लिहिते. रात्री जेवताना म्या ह्यायले सरळ इचारलं, का दिनेशभाऊनं जे केलं थे तुमाले काहून नाही जमलं. ह्यायनं भाकर मोडली, दोन घास खाल्ले, अन् म्हणे, पंचायतीत जुने कागद असन, जाऊन पाह्य. अन् उठले, मोटर चालू कराले मळ्यात गेले. मले वाटलं टाळून राह्यले. आठ दिवस मी बोलली नाही. भाजीत मीठ जास्त पडे थे मुद्दाम पडे.

नवव्या दिवशी गेली पंचायतीत. आमची ग्रामसेवक वैभवी मॅडम, माह्या पोरीच्या वयाची, पण मोठी गुणी. तिनं खुर्ची देली अन् आमच्या घराचा नमुना आठ काढून पुढं ठेवला. नमुना आठ म्हणजे घराची पत्रिकाच, कोणाचं, केवढं, कशाचं, कदीचं. तिनं एक एक रकाना समजावला. म्हणे, घर जुनं होते तसा घसारा लागते, म्हणजे किंमत घटते, अन् पट्टी उतरते, तुम्ही साल अलीकडचं सांगितलं म्हणून तुमचा घसारा कमी बसला, काकू. अन् गोठा घरात धरला. हरकत घ्या, कमी होईल. म्या म्हटलं, पट्टी राहू दे, माह्यं नाव काहून नाही थे सांग. तवा ती म्हणे, वीस-बावीस वर्षांपूर्वी घर नवरा-बायको दोघांच्या नावे करायची मोहीम होती, घरोघरी अर्ज दिले होते, ज्यांनी भरले त्यांची नावं लागली. तुमच्या यजमानांनी भरला नसेल.

खरं सांगते, मले बरं वाटलं. माह्या मनातलं खरं ठरलं होतं. म्या म्हटलं, नाही भरला असन तं तसं दाखव मले, मी ह्यायच्या पुढं ठेवते. धरमसिंगनं माळ्यावरून गठ्ठा उतरवला, फडक्यानं झटकला. वैभवी मॅडमनं एक एक कागद उलटवला, अन् एका कागदावर थांबली. मंग माह्याकडं पाह्यलं अन् हळू म्हणे, काकू, अर्ज आहे.

ह्यायचं अक्षर मी कुठंही ओळखीन. बियाण्याच्या पुड्यांवर, पोत्यांवर, तेच आडवं अक्षर. लिहिलं होतं, माझे घर माझे व माझी पत्नी सौ. प्रयागबाई हिच्या नावे करावे. खाली सही. अन् त्याच्याही खाली, दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हातानं, माझे नाव लावू नये, माझी हरकत आहे. त्याच्या खाली माही सही.

मी खुर्चीवरच बसून राह्यली. त्या साली माहे बाबा गेले होते. शिरपूरले तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी पंचायतीचा एक माणूस घरी आला, मायची सही घेतली, म्हणे आता घर तुमच्या नावानं. माय कोपऱ्यात बसली होती, कपाळ मोकळं. आमच्यात बाईचं नाव घरावर तवाच लागे, दुसऱ्या कोणत्या वेळी लागलेलं मी पाह्यलं नव्हतं. अन् महिन्याभरात इकडं ह्यायनं अर्ज भरला असं कानावर आलं. मले वाटलं, माह्यं नाव लागलं तं ह्यायचंही बरंवाईट होईन. दुसऱ्या दिवशी मेथीचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराले निघाली, वाटेत पंचायतीत शिरली, तेव्हाच्या ग्रामसेवकाले अर्ज मागितला अन् हरकत लिहून देली. ह्यायले सांगतलं नाही. मंग इसरून गेली. बावीस वर्षं घट्ट इसरून गेली.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट होती. ती मले तवा आठवली नाही, का मी आठवू देली नाही, थे मलेच माहीत नाही.

मळ्यात गेली तं हे पालकाच्या जुड्या बांधत होते. म्या म्हटलं, कागद पाह्यला. ह्यायनं पुढची जुडी उचलली. म्या म्हटलं, तुमाले माहीत होतं का माही हरकत?

"दुसऱ्याच दिवशी ग्रामसेवकानं सांगतलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुले भेव वाटलं होतं," हे म्हणे. "ज्याचं भेव वाटते थे काढून काय करू?"

जुडी बांधली, पाण्यात बुडवली, बाजूले ठेवली. बावीस वर्षं मी या माणसाले कोरडा म्हणत आली, अन् याच्या पोटात हे होतं. मी खाली बसली अन् जुड्या बांधू लागली. मंग म्या म्हटलं, आता लावा माह्यं नाव. हे म्हणे, भेव गेलं असन तं लावू. गेलं का नाही थे मी सांगतलं नाही. एवढंच म्हटलं, सोमवारपर्यंत मुदत आहे, मंग यादी कायम होते.

वैभवी मॅडमनं अर्ज लिहून देला, त्यातच गोठा वगळाचंही लिहिलं. ह्यायची सही झाली, माही झाली. मॅडम म्हणे, एका साक्षीदाराची सही पाहिजे, घर ओळखणाऱ्याची, शेजारी चालेल. शेजारी म्हणजे अंजू. दुसरीकडं रस्ता हाय, शेजारी कोणी नाही. माह्या नावाले तिची सही पाहिजे, हे ऐकून पुन्हा पोटात दुखलं. पण सोमवार होता, दुपार झाली होती, अन् मले नाव पाहिजे होतं.

अंजू अंगणात लसूण निवडत बसली होती. दिनेश तिकडं पंप उघडून बसला होता, हात ग्रीसनं भरेल. तिनं हात पुसले, अर्ज घेतला अन् सगळा वाचला. ती वाचल्याशिवाय सही करत नाही. तिचा चेहरा असा खुलला का मले लाज वाटली.

"बरं झालं बाई," ती म्हणे. "माह्यं तं तुमच्यामुळंच लागलं."

म्या म्हटलं, माह्यामुळं कसं?

"इसरल्या? नवी होती मी, कोणाले इचारावं समजे नाही. फारम घेऊन तुमच्यापाशी आली. तुमी मेथी निवडत होत्या. तुमी म्हटलं, कर सही, काही होत नाही. तुमच्या भरवशावर केली."

हीच होती ती दुसरी गोष्ट. मी पंचायतीतून आली होती, माह्यं नाव माह्या हातानं काढून. अन् ती दारात उभी राह्यली, कोपरापर्यंत हिरवा चुडा, लग्नाले आठ महिने. दिनेश तिच्या मांग मांग फिरे, सासूबाई तिलेच पहिला चहा देत. मी मान वर न करता म्हटलं, कर सही, काही होत नाही. सही केली तं काय होते, थे माह्या मनात पक्कं होतं. तिले सांगतलं नाही. मी तशीच मेथी निवडत राह्यली.

अंजूनं पेन उघडला. मंग सहज, काही मनात नसताना, इचारलं, "पण बाई, तवा तुमी काहून नाही केली सही?"

मी खोटं बोलू शकली असती. म्हणू शकली असती का हे घरी नव्हते, का मले समजलं नाही. पण कागद तिच्या हातात होता अन् ह्यायचे शब्द माह्या कानात होते. म्या म्हटलं, भेव वाटलं. ती म्हणे, भेव कायचं? म्या तिले मायचं सांगतलं. तेरवीचं, कपाळाचं, कागदाचं. केव्हाचं तेही सांगतलं. तिच्या फारमाच्या आदीचं.

अंजू येडी नाही. पेन तसाच हातात राह्यला. तिनं पंपापाशी बसेल दिनेशकडं पाह्यलं, लय येळ पाह्यलं. दिनेश म्हणे, काय झालं गं? ती म्हणे, काही नाही. मंग तिनं मांडीवर कागद सरळ केला अन् सही केली. पूर्ण नाव, सुंदर अक्षर, सौ. अंजू दिनेश इंगोले. कागद माह्या हातात देला अन् पुन्हा लसूण निवडू लागली.

नाव लागलं माह्यं. यादी कायम झाली, मी जाऊन पाह्यली. दोनशे तेरामधी दोघांचंही नाव आहे, अन् गोठा वगळला म्हून पट्टीही उतरली. आता तिची अन् माही पट्टी जवळपास सारखीच आहे.

बावीस वर्षांत असं कदी झालं नाही का मी अंजूच्या अंगणात गेली अन् तिनं मले चहा घ्या म्हटलं नाही. भांडण असो, बोलणं बंद असो, चहा ठेवेच. त्या दिवशी तिनं म्हटलं नाही, अन् अजूनही म्हणत नाही. जीपमधी शेजारी बसते, टोपलं उतरवाले हात देते. रोज दुपारी भिंतीपलीकडून तिच्या कपबशीचा आवाज येते, अन् मी माह्या घरात बसून ऐकते.